पदकाची कड

दिवाळीत आजीकडे हरसूलला गेलो होतो. (त्र्यंबकच्या पुढचं हरसूल, संभाजीनगरचं जेलवालं नव्हे!) आजोबा तिथे मास्तर होते, आजी अजून तिथेच असते. तिने ट्रंकेतून चांदीचं एक पदक काढलं. "तुझ्या पणजोबांचं. बसऱ्याच्या लढाईतलं."

पहिल्या महायुद्धातल्या या पदकाची खरी गंमत त्याच्या कडेला असते. तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्यावर निघालं, ११७ मराठा. म्हणजे कूटचा वेढा!

बगदादवर निघालेली सहावी पुणे डिव्हिजन मागे फिरली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिसकाठच्या कूट गावात अडकली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत. धान्य संपत आलं, घोडे कापायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. पुढे वाळवंटातली पायपीट, रेल्वेच्या कामावर मजुरी. कित्येक परतलेच नाहीत. पणजोबा परतले.

मग सोबतच्यांचं काय झालं?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर पलटणीवरून शोधता येतं. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हाही असतो. आडनावावर जाऊ नका, जाधव-शिंदे ढिगाने सापडतात. गाव धरा, आणि स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने वाचा. एक्सेलमध्ये यादी लावली, तर पणजोबांच्या साताऱ्याकडच्या मूळ गावाला लागूनच एक गाव निघालं. ओळखीतून फोन लागला.

त्या घरी एवढंच ठाऊक होतं की चुलत आजोबा बसऱ्याला गेले, आले नाहीत. गावात पाटी आहे, तिकडे बऱ्याच गावांत असते तशी. इतके गेले, इतके मेले. नुसते आकडे.

मी नोंद वाचून दाखवली. फोनवरच्या आजी जरा वेळ गप्पच.

"बापाचं नाव पण हाय का रं बाळा?"

"आहे आजी."

"आन् तिकडं दगडावर?"

इथे मी अडखळलो. इराकमधलं बसरा स्मारक ४० हजारांहून जास्त माणसांचं आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र फक्त आकडा. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्याच चौकशी अहवालानंतर अशा भेदभावाबद्दल माफी मागितली.

"दगडावर नाही, आजी," एवढंच बोललो.

असो. नोंदीचा प्रिंटआउट कुरियर केलाय. तुमच्या घरी असं पदक असेल तर सोनाराकडे न्यायच्या आधी त्याची कड तेवढी वाचा. कुणाच्या तरी घरी एक नाव पोचायचं राहिलं असेल.