हेडलाइटला निळा, पिवळा किंवा ‘सुपर व्हाइट’ बल्ब लावला तर कायदा काय म्हणतो?

गेल्या महिन्यात संग्रामपूरहून माझ्या चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. दुकानाच्या काउंटरवर तीन खोकी: एक निळा हॅलोजन, एक पिवळा हॅलोजन आणि एक ‘सुपर व्हाइट’ एलईडी. खाली प्रश्न, "दादा, निळा चालत नाही हे मले माहीत आहे. पण पांढरा त चालते ना?"

आधी सरळ उत्तर देतो. निळा चालत नाही. पिवळा फॉग लॅम्पला चालतो, मुख्य हेडलाइटला नाही. आणि गाडी कंपनीतून हॅलोजन बल्बवर आली असेल, तर त्याच हेडलाइटमध्ये खोचलेला पांढरा एलईडीही चालत नाही. शेवटचं उत्तर त्याला पटलं नाही. "पांढऱ्यात कोणता रंग आला?" त्याचा प्रश्न रास्त आहे, म्हणून हा लेख.

नियम नेमका कुठे आहे?

रंगीत बल्बवर बंदी असं एका ओळीत कुठेच लिहिलेलं नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिव्यांचे नियम वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले आहेत. नियम १०५ सांगतो की रात्री गाडीच्या दिव्यांत समोर १५५ मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसली पाहिजेत. नियम १०८ पुढे लाल आणि मागे लाल सोडून दुसरा प्रकाश दाखवायला मनाई करतो. नंबरप्लेटचा दिवा, रिव्हर्स लाइट, इंडिकेटर, अ‍ॅम्ब्युलन्स वगैरे त्याला अपवाद आहेत. नियम १११ परवानगीशिवाय पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावू देत नाही. बंपरवर एलईडीच्या पट्ट्या लावून फिरणाऱ्यांनी हा नियम जरूर वाचावा.

मग निळा कुठे अडकतो? तो अडकतो वाहन उद्योगाच्या मानकांत. गाडीवर कोणता दिवा कुठे आणि कसा बसवायचा हे एआयएस-००८ हे मानक ठरवतं. त्यात अप्पर आणि डिप्पर दोन्हींचा रंग पांढरा आहे, पुढच्या फॉग लॅम्पला पांढरा किंवा पिवळा. बल्बसाठी वेगळं मानक आहे, एआयएस-०३४. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं, तेव्हा त्याचा हेडलाइटही याच मानकांवर तपासला जातो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम मात्र १०६ आहे, आणि त्यात रंगाचा शब्दही नाही. तो मोजमाप देतो: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तुमच्या प्रकाशाने दिपायला नको. दीड मीटर म्हणजे समोरून पायी येणारा माणूस. आमच्याकडे वरवट बकालहून शेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी निघालेले लोक रात्रीही चालत असतात. नियम लिहिणाऱ्याने संग्रामपूर पाहिलं नसेल, पण माप बरोबर आमच्या रस्त्यावरचं घेतलंय.

दंड किती?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला. इथे एक पळवाट सांगितली जाते: कलमात ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला, तिचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा बदल. बल्बने कुठे रचना बदलते? वाद घालण्यासारखा मुद्दा आहे, नाही असं नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-ए(४) थेट बाहेरून बसवलेल्या सुट्या भागांचा उल्लेख करतं. नियमात न बसणारा भाग लावला, तर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

याशिवाय कलम १९०(२) आहे. रस्ता सुरक्षेची मानकं मोडणारी गाडी चालवली तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. सगळ्यात सौम्य कलम १७७, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १,५०० पर्यंत. रस्त्यावर थांबवणारा अधिकारी यातलं कोणतं लावेल हे तुमच्या हातात नसतं. "फक्त पाचशेची पावती फाटते" असं दुकानदार सांगतो तेव्हा तो सर्वात स्वस्त शक्यता सांगत असतो.

दुचाकीवाल्यांसाठी एक गोष्ट: १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालूच असतो. त्यामुळे तुमचा निळा दिवा भर दुपारीही पोलिसांना दिसतो.

पांढरा एलईडी का चालत नाही?

हेडलाइट म्हणजे बल्ब नाही. बल्ब, त्यामागचा रिफ्लेक्टर आणि पुढची काच मिळून एक यंत्र होतं, आणि मंजुरी त्या जोडीला मिळते. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत असणारा एच४ बल्ब काढून पाहा. आत दोन फिलामेंट दिसतील. डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि प्रकाश खाली रस्त्यावर पडतो. वरती अंधार, खाली उजेड, मधे स्पष्ट रेघ. डाव्या बाजूला ही रेघ थोडी वर चढते, कारण आपण डावीकडून चालतो आणि रस्त्याची कड दिसायला हवी.

हा सगळा खेळ फिलामेंटच्या जागेवर चालतो. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी रेघ बिघडते. एलईडीच्या दांडीवर चिप दोन सपाट बाजूंना असतात, मागे फुगीर हीटसिंक आणि पंखा. प्रकाश फिलामेंटसारखा चहूबाजूंनी निघत नाही. परिणाम असा की गाडीसमोरच्या दहा मीटरांत लख्ख उजेड पडतो, चालवणारा खूश होतो, लांबचं मात्र आधीपेक्षा कमी दिसतं आणि उरलेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. युरोपातही हा प्रश्न होताच. जर्मनीत २०२० मध्ये असा एलईडी पहिल्यांदा कायदेशीर झाला, तोही ठरावीक गाड्यांच्या यादीपुरता.

तुमचा हेडलाइट कशासाठी बनलाय हे बहुतेक वेळा त्याच्या काचेवर कोरलेलं असतं. ‘एचसीआर’ अशी रोमन अक्षरं असतील तर अप्पर-डिप्पर दोन्ही हॅलोजनसाठी.

निळ्याची गोष्ट

आता कबुली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना काकांच्या जुन्या जीपला निळे बल्ब मीच लावले होते. खोक्यावर ८००० केल्विन लिहिलं होतं आणि मला वाटलं आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त. केल्विन हे उजेडाचं माप नाही, रंगाचं आहे. साधा हॅलोजन ३२०० च्या आसपास, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. निळ्या बल्बमध्ये आत तोच हॅलोजन असतो, काचेवर निळा थर. तो थर लाल-पिवळा प्रकाश गिळतो आणि बाकीचा सोडतो. म्हणजे बॅटरीतून वीज तेवढीच जाते आणि रस्त्यावर उजेड कमी पडतो.

जुलै महिना, पाऊस, शेगावहून परत येत होतो. ओल्या काळ्या डांबरावर तो निळा प्रकाश जणू पडतच नव्हता. पुढे कडबा भरलेली बैलबंडी होती, मागे रिफ्लेक्टर नाही. काकांना ती दिसली तेव्हा ब्रेक दाबून जीप तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. बंडीवरच्या म्हाताऱ्याला कळलंही नाही. काका घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, "ते निळं काढ, बापू." एवढंच.

पिवळ्याबद्दलही एक समज आहे, की तो धुकं भेदतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच पसरवतात. पिवळ्याचा फायदा एवढाच की निळा भाग गाळल्यामुळे डोळ्यांना त्रास कमी वाटतो. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, नंतर तेही पांढऱ्यावर आले. धुक्यात खरं काम करतो तो फॉग लॅम्पचा खाली आणि रुंद पडणारा झोत.

मग उजेड कमी पडतो त्याचं काय?

भावाची तक्रार खरी होती, त्याची गाडी दहा वर्षांची आहे. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. बल्बपर्यंत पोचताना व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. गंजलेला अर्थिंगचा नट एवढं नुकसान आरामात करतो. त्याला सांगितलं: अर्थिंग साफ कर, पिवळी पडलेली काच पॉलिश करून घे, दोन्ही बल्ब एकदम बदल, खोक्यावर एच४ आणि ६०/५५ वॅट पाहून घे. १००/९० वॅटचे मिळतात, ते घ्यायचे नाहीत. साध्या डिप्परला एक बल्ब साडेचार अँपिअर घेतो, हा साडेसात घेईल, आणि मूळ वायरिंग व होल्डर त्यासाठी बनलेले नाहीत. याहून मोठा बदल करायचा असेल, म्हणजे पूर्ण हेडलाइटच बदलायचा, तर आधी बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून लेखी घ्यावं.

शेवटी झोत तपासायचा. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर लांब गाडी उभी करा, भिंतीवर हेडलाइटच्या मध्याएवढ्या उंचीवर खडूने रेघ मारा, डिप्पर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली असायला हवी. रेघेच्या वर लख्ख डाग दिसले तर बल्ब नीट बसलेला नाही किंवा चुकीचा आहे.

भावाने परवा शाळेच्या भिंतीवर करून पाहिलं आणि फोटो पाठवला. डावा बरोबर बारा सेंटिमीटर खाली आहे. उजवा रेघेच्या वर चाललाय, त्याचा स्क्रू अजून फिरवायचा आहे.