टीव्हीवर लागते ती मालिका मोबाईलवर का सापडत नाही? जाणून घ्या

पिंगळी (ता. परभणी) : ऐन मालिकेच्या टायमाला लाईट जाते, आणि लाईट येईपर्यंत भाग संपलेला असतो. मग घरातलं पोरगं मोबाईल काढतं आणि नाव टाकून शोधतं. एक मालिका लगेच सापडते, दुसरी पैसे मागते, तिसरीचं तर नावच दिसत नाही. "रेंज नाही", "मोबाईल जुना झाला" म्हणून विषय तिथंच सोडला जातो. पण रेंज आणि मोबाईल दोन्ही बरे असले तरी ती मालिका सापडणार नसते. गडबड असते ती कागदात, म्हणजे हक्काच्या करारात.

टीव्हीवर दाखवायचा हक्क आणि इंटरनेटवर दाखवायचा हक्क हे दोन वेगळे सौदे आहेत. शेत बटईनं दिलं म्हणजे बटईदाराला विहिरीचं पाणी विकायचा हक्क मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार. चॅनेलनं मालिका दाखवली म्हणून ती मोबाईलवर टाकता येतेच असं नाही.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे आयपीएल. २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या हक्कांचा लिलाव झाला. भारतात टीव्हीवर दाखवायचे हक्क डिस्ने स्टारनं २३,५७५ कोटी रुपयांना घेतले. मोबाईल आणि इंटरनेटचे हक्क वायकॉम१८ या दुसऱ्याच कंपनीनं २०,५०० कोटींना घेतले. म्हणून २०२३ मध्ये सामना टीव्हीवर स्टारच्या चॅनेलला आणि मोबाईलवर जिओसिनेमाला दिसत होता. एकच सामना, एकच मैदान, पण मालक दोन. (पुढं या दोन्ही कंपन्यांचा धंदा एकत्र झाला, ती गोष्ट खाली येईल.)

भारताच्या सामन्यांचं आणखी वेगळं आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला दूरदर्शनला द्यावं लागतं. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे प्रक्षेपण दूरदर्शननं आपल्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल-डीटीएचवाल्यांना ते पुढं देता येणार नाही. त्यामुळं पत्र्यावर फ्री डिशची छत्री असलेल्या घरात सामना दिसतो आणि शेजारी केबलवर दूरदर्शन लावलं तर तोच सामना नसतो. मोबाईलचा हक्क तर तिसरीकडंच.

कोणती मालिका कुठं शोधायची?

आधी मालिका कोणत्या चॅनेलची हे बघा, कारण नवीन मालिका बहुतेक त्या चॅनेलच्या मालकाच्याच अ‍ॅपवर जाते. झी मराठीची असेल तर झी फाइव्ह. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीची असेल तर जिओहॉटस्टार. सोनी मराठीची सोनी लिव्हवर, सन मराठीची सन नेक्स्टवर. सह्याद्री आणि दूरदर्शनचं काही हवं असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं अ‍ॅप आहे, ते २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात सुरू झालं. यूट्यूबवर जे तुकडे दिसतात ते बऱ्याचदा जाहिरातीपुरतेच असतात. पूर्ण भाग अ‍ॅपवर ठेवायचा आणि लोकांना तिकडं ओढायचं, हा धंद्याचा हिशोब आहे. काही अ‍ॅपवाले तर पैसे भरणाऱ्याला टीव्हीच्या आधीच भाग दाखवतात.

आधी होती, आता गेली कुठं?

ही तक्रार कलर्स मराठी बघणाऱ्यांना जास्त पटेल. हे चॅनेल २००० साली ईटीव्ही मराठी म्हणून सुरू झालं. 'चार दिवस सासूचे' ही तीन हजारांवर भागांची मालिका याच चॅनेलची. पुढं ईटीव्हीची ही चॅनेलं टीव्ही१८ समूहाकडं गेली आणि २०१५ मध्ये नाव बदलून कलर्स मराठी झालं. मालिका मोबाईलवर बघायच्या तर २०१६ मध्ये आलेलं वूट अ‍ॅप होतं. २०२३ मध्ये वूट बंद करून सगळं जिओसिनेमात गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्ने स्टार आणि वायकॉम१८ एकत्र आले आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. म्हणजे प्रेक्षक तोच, घर तेच, पण दहा वर्षांत अ‍ॅप तीन झाले. जुन्या अ‍ॅपची लिंक कुणी पाठवली असेल तर ती आता उघडणार नाही, आणि प्रत्येक बदलात जुनं सगळं सामान नव्या घरात येतंच असंही नाही. आम्हाला विचाराल तर यात सगळ्यात जास्त हाल घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे झाले. त्यांनी एक बटण कसंबसं पाठ केलं, तोवर ते बटणच गेलं.

जुन्या मालिकांचं अवघड का?

१९९९-२००० च्या सुमाराला मालिकेचे करार झाले तेव्हा मोबाईलवर मालिका बघायची हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. करारात इंटरनेट हा शब्दच नसेल तर तो हक्क कोणाचा, चॅनेलचा की निर्मात्याचा, यावर घोळ होतो. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करताना हे लिहूनच टाकलं गेलं की, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं त्याचा हक्क, करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय, आपोआप जात नाही. याच कायद्यात असंही आहे की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळं मुदत संपली की अ‍ॅपवरून मालिका एका रात्रीत गायब होऊ शकते, आणि दुबईत कामाला गेलेल्या भावाला आपल्याकडं दिसणारी मालिका दिसत नाही.

दूरदर्शनवर लागलं ते सगळं सरकारचं असाही एक गैरसमज आहे. लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून 'रामायण' परत लागलं, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याचे हक्क सागर कुटुंबाकडं होते, दूरदर्शनला त्यांच्याकडून ते घ्यावे लागले.

गाण्यांच्या कार्यक्रमांत तर आणखी एक गाठ बसते. रेडिओ-टीव्हीला ठरलेली रॉयल्टी भरून गाणं वाजवायची सोय कायद्यात आहे. ती सोय इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात सांगितलं. म्हणून स्पर्धेत एखाद्या पोरीनं गायलेलं जुनं गाणं टीव्हीवर ऐकू येतं आणि इंटरनेटवर तोच तुकडा टाकायचा तर गाण्याच्या कंपनीला वेगळं विचारावं लागतं. कधी कधी असा तुकडा कापून टाकणंच सोपं पडतं.

आणि काही कार्यक्रम कुणाकडंच नाहीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या काळात टेप महाग, त्यामुळं एका टेपवर पुसून पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं. इंग्लंडच्या बीबीसीनंही हेच केलं. 'डॉक्टर हू' या त्यांच्या गाजलेल्या मालिकेचे ९० पेक्षा जास्त भाग असेच गेले. जे पुसलं गेलं ते कोणत्याच अ‍ॅपवर येणार नाही.

"सगळं फुकट" वाल्या लिंकचं काय?

मालिका सापडत नाही म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर कुणीतरी लिंक टाकतोच : 'हे अ‍ॅप घ्या, सगळी चॅनेलं फुकट'. ही फाईल प्ले स्टोअरची नसते, एपीके असते. टाकताना ती मेसेज वाचायची परवानगी मागते. परवानगी दिली की बँकेचा ओटीपी समोरच्याला दिसू शकतो, आणि पीकविम्याचे किंवा कापसाचे जमा झालेले पैसे जायला वेळ लागत नाही. अशी फाईल टाकली असेल तर आधी मोबाईलचं नेट बंद करा, ते अ‍ॅप काढून टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. फोन जितका लवकर, तितकी समोरच्या खात्यात पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त. फोन करताना खाते क्रमांक, किती रुपये गेले आणि बँकेचा मेसेज किती वाजता आला, एवढं जवळ ठेवा.