नकाशा कोणाचा?



गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक नकाशांवर बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण प्रथम सांगतो. आमच्या वर्गात गुरुजी इतिहास शिकवीत, आणि फळ्याच्या बाजूला खिळ्याला टांगलेला हैदराबाद संस्थानचा नकाशा ते वर्षभर उतरवीत नसत. आम्ही शाळेत आलो तेव्हा संस्थान संपले होते, राज्याचेही तीन तुकडे झाले होते. नकाशा मात्र तोच होता. एकदा कोणीतरी विचारले, "गुरुजी, हा आता चुकीचा झाला ना?" त्यावर ते म्हणाले, "चुकीचा नाही, जुना झाला. चुकीचा कोणता, ते मोजल्याशिवाय कळत नाही." मोजायचे कोणी, हा प्रश्न त्या वयात आम्हांला सुचला नाही. आजचा विषय तोच आहे.

आपल्या या भूमीवर शास्त्रीय मोजणीचे पाऊल फार लवकर पडले. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पहिली पायारेषा साखळीने मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ते उत्तरेकडे सरकत निजामाच्या मुलखात आले. १८१५ साली बिदरच्या आसमंतात त्यांनी आणखी एक पायारेषा मोजली. दामरगिद्दा हे ठिकाण त्या मोजणीमुळे जगभरच्या भूमापनशास्त्राच्या ग्रंथांत गेले. पुढे हैदराबाद हेच त्यांचे मुख्य ठाणे झाले. जॉर्ज एव्हरेस्ट १८१८च्या अखेरीस त्यांच्या हाताखाली रुजू झाले ते याच शहरात. १८२३च्या जानेवारीत नागपूरकडे जात असता लॅम्ब्टन हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तेथे आहे. विदर्भातील कितीजणांना ती ठाऊक आहे, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही.

त्यांचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. तो डोंगरमाथ्यांवर वाहून नेणारे, झेंडे धरून उभे राहणारे, तापाने मरणारे खलाशी आपलेच लोक होते. परंतु तयार झालेला नकाशा त्यांचा नव्हता. तो कंपनी सरकारचा होता, आणि महसूल, फौज व रस्ते यांसाठी होता.

या कथेत एक माणूस मला फार मोलाचा वाटतो. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हे यंत्रकारागीर. एव्हरेस्ट यांच्या खात्यात विलायतेहून आणलेली यंत्रे होती आणि ती दुरुस्त करण्यासाठी विलायतेहूनच आणलेला हेन्री बॅरो नावाचा कारागीर होता. बॅरो गेल्यानंतर मोहसीन यांनी वेधयंत्रांची वर्तुळे उघडली, दुरुस्त केली आणि त्यांवर अंशांच्या खुणा नव्याने आखल्या. ज्या यंत्राने मोजायचे ते उघडून पाहता येणे, बिघडल्यास आपल्या हाताने सुधारता येणे, ही गोष्ट किती मोठी आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. ती हकीकत पुढे येईलच.

आता आपल्या शहराकडे येऊ. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. आमच्या आजीच्या तोंडी त्याला एकच शब्द होता, 'तुग्यानी'. हजारो माणसे गेली. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेवर चढून बसलेली माणसे तेवढी वाचली, असे ती सांगे. ते झाड आजही दाखवतात. पुढल्याच वर्षी विश्वेश्वरय्या आले, आणि त्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर उभे राहिले. हे सर्वांना माहीत आहे. त्या मानाने कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, १९१२ ते १९१५ या काळात लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली शहराची अत्यंत बारकाईने मोजणी झाली. घरे, गल्ल्या, विहिरी, नाले, तळी, सारे त्या नकाशांत उतरले. पुराने घाबरलेल्या शहराने स्वतःकडे प्रथमच नीट निरखून पाहिले, असे मला ते नकाशे पाहताना वाटते.

माझी स्वतःची नकाशांशी गाठ पडली ती पीएच.डी.च्या निमित्ताने. विषय होता मांजरा खोऱ्यातील स्थलनामे. हा मुलूख मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चार भाषांच्या पायवाटांचा. १९५६च्या राज्यपुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. परंतु देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही सर्कले आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले त्यांतून वगळून आंध्रात ठेवली गेली. त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात बिचकुंद्याचे 'बिचकोंडा' झाले आहे. 'कोंडा' म्हणजे तेलुगूत डोंगर. रोमन लिपीतील एका स्वराने गावाच्या नावात डोंगर उभा राहतो, आणि केवळ छापील नकाशावर विसंबणारा अभ्यासक त्याची खुशाल व्युत्पत्तीही लावतो! म्हणून मला गावांची नेमकी जागा आणि नेमका उच्चार, दोन्ही हवे होते.

उच्चारासाठी मी पायी हिंडलो. जागेसाठी मोजणीचा नकाशा हवा होता. एका कार्यालयात अर्ज दिला. विभागप्रमुखांचे पत्र मागितले, ते दिले. नकाशाचा गैरवापर करणार नाही असे हमीपत्र मागितले, तेही दिले. तिसऱ्या खेपेस कळले की हवा तो पट शिल्लक नाही. तो काळ तसा होता. १९६७ साली संरक्षण मंत्रालयाने घातलेल्या निर्बंधांमुळे सीमेचे व किनाऱ्याचे पट तर सामान्य माणसास मिळतच नसत. आणि बाकीच्यांबाबतही देणाऱ्याचा हात आखडलेला असे. शेवटी एका ग्रंथालयातील जुन्या, विटलेल्या नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवून मी पेन्सिलीने नदी आणि गावे गिरवली. प्रबंध मान्य झाला, पुढे पुस्तकही निघाले.

पुस्तक निघाल्यावर दोनेक महिन्यांनी एक पोस्टकार्ड आले. अक्षर शाळामास्तराचे. मजकूर तीन ओळींचा: आपण आमच्या गावाबद्दल लिहिले, आनंद झाला; परंतु आपल्या नकाशात आमचे गाव मांजरेच्या पलीकडे, बोधनच्या बाजूला दाखवले आहे; आम्ही अलीकडे आहोत. मला शरम वाटली. नदीच्या त्या काठी १९५६ पूर्वी निजामाबाद जिल्हा होता आणि या काठी नांदेड. गावाचे नाव बरोबर देऊन मी त्याचा जिल्हाच बदलला होता, आणि त्यावर उभारलेला निष्कर्ष (नदीपलीकडेही मराठी प्रत्यय पोहोचल्याचा) डळमळीत झाला होता. क्षमापत्र पाठवले. परंतु चूक मूळ नकाशातली, की माझा ट्रेसिंग कागद सरकला होता, हे ठरवण्याचे साधन माझ्यापाशी नव्हते.

ते साधन मला मिळाले निवृत्तीनंतर. या शाळेचाच एक माजी विद्यार्थी घरी आला होता. त्याने आपल्या संगणकावर 'क्यूजीआयएस' नावाची प्रणाली उघडली. भौगोलिक माहिती प्रणाली म्हणजे काय, हे मी माझ्या पद्धतीने सांगतो. पूर्वी आपण नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवीत असू. येथे असे कितीही पारदर्शक कागद एकावर एक ठेवता येतात. एकावर नद्या, दुसऱ्यावर गावे, तिसऱ्यावर जुना पट. प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांश असतात, म्हणून कागद सरकत नाहीत. जुन्या नकाशाचे चित्र आत घेऊन त्यावरील ओळखीच्या खुणांना (आपल्या शहरात चारमिनार, १५७८चा पुराना पूल) आजच्या अक्षांश-रेखांशांच्या टाचण्या मारल्या की तो पट कापडासारखा ताणून जागेवर बसतो. कोठे किती ताणावा लागला, याचा हिशेबही यंत्र देते. म्हणजे जुन्या मोजणीदाराची चूक आणि आपली चूक वेगळी काढता येते.

अशी यंत्रणा फार पूर्वीपासून होती; पण ती विकत घ्यावी लागे, वापरण्याच्या अटी असत, काही प्रणाली तर संगणकाला खास किल्ली लावल्याखेरीज चालतच नसत. आतले गणित कसे चालते ते विकणारा दाखवीत नसे. याउलट 'ग्रास' ही प्रणाली १९८२च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्याच एका प्रयोगशाळेत जन्मली, आणि लष्कराने ती सोडल्यावर जर्मनीतील मार्कुस नेटेलर आदी विद्यापीठीय मंडळींनी पुढे चालवली. हा दैवाचा खेळच म्हणायचा: ज्या लष्करी गरजेने नकाशे कुलूपबंद केले, तिच्याच घरी किल्ली तयार झाली. क्यूजीआयएसचा आरंभ २००२ साली अलास्कातील गॅरी शर्मन यांनी केला, तो प्रथम केवळ आपल्यापुरता. २००९ साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. या व अशा प्रकल्पांना आधार देणारी जागतिक संस्था २००६ साली स्थापन झाली. तिचे कार्य भारतातही चालते, आणि त्यात आपल्या गच्चीबावलीच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेतील प्रयोगशाळेचा वाटा आहे.

इंग्रजीत या प्रणालींना 'फ्री' म्हणतात, आणि मग 'फ्री म्हणजे फुकट नव्हे' असा खुलासा त्यांना जन्मभर करावा लागतो. मराठीत ही अडचण नाही. आपल्यापाशी फारशीतून आलेला 'मोफत' आहे आणि संस्कृतातून आलेला 'मुक्त' आहे. क्यूजीआयएस मोफत आहे ही तिची सोय; मुक्त आहे हा तिचा धर्म. कोणीही चालवावी, उघडून पाहावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. हे मी ऐकले तेव्हा मला मीर मोहसीन आठवले.

मात्र यंत्र मुक्त झाले म्हणून नकाशा आपोआप मुक्त होत नाही, हेही स्पष्ट सांगावयास हवे. माहिती बंद असेल तर उघडे यंत्र घेऊन काय करायचे? आपल्याकडे ती दारे हळूहळू किलकिली झाली. २००५च्या नकाशा धोरणाने सामान्यांसाठी वेगळी पटमालिका आली. २००९ साली येथल्याच बालानगरच्या सुदूर संवेदन केंद्राच्या उपग्रहचित्रांवर आधारलेले 'भुवन' सुरू झाले. आणि फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी व वापरण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन बहुतांशी उठवले. माझ्या त्या तीन खेपांनंतर हे व्हायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

यात केवळ अभ्यासकांचे कुतूहल गुंतलेले नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये या शहरात जो पाऊस कोसळला, त्यात पल्लेचेरुवू आणि गुर्रमचेरुवू ही तळी फुटून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. आपण मासाब टँक हे नाव रोज उच्चारतो. तेथे आता तळे नाही, बाग आहे. हयातबक्षी बेगम, म्हणजे 'मासाहेबा', यांच्या नावाचे ते तळे फक्त नावात उरले. २०२४ साली तळ्यांवरील अतिक्रमणे काढण्यासाठी 'हायड्रा' ही यंत्रणा स्थापन झाली आणि घरे पडू लागली, तेव्हा सारा वाद एका रेषेवर येऊन थांबला: तळे तुडुंब भरले म्हणजे पाणी कोठपर्यंत येते? ती रेषा आत सरकली तर बिल्डरचा लाभ, बाहेर सरकली तर कर्ज काढून घर घेतलेल्या कारकुनाचे छप्पर जाते. निजाम अमदानीची टिपणे आणि सेतवार, जुने पट, उपग्रहचित्रे हे सारे एकावर एक ठेवून ती रेषा ज्याची त्याला तपासता आली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारने आखली म्हणून ती खरी नव्हे, आणि नागरिकाला गैरसोयीची म्हणून खोटीही नव्हे. मोजून पाहावी.

आता माझ्या चुकीचा निकाल सांगून थांबतो. त्या विद्यार्थ्याने माझे ट्रेसिंगचे चित्र आत घेतले. आम्ही मांजरेचे एक ठळक वळण, बिचकुंदा, बोधन आणि गोदावरीशी संगमाचे कंदकुर्ती येथे टाचण्या मारल्या. ग्रंथालयातील जुन्या नकाशाचे छायाचित्र त्याच्यावर ठेवले. जुना नकाशा बरोबर होता. गाव अलीकडल्या काठालाच होते. कागद माझाच सरकला होता, तोही फक्त खालच्या अर्ध्या भागात, बहुधा टाचणी निसटून. इतकी वर्षे मी मनातल्या मनात त्या अज्ञात मोजणीदाराला दोष देत होतो.

नकाशा दुरुस्त केला, गावांची नावे देवनागरीत घातली आणि एक प्रत छापून पोस्टकार्डावरच्या जुन्या पत्त्यावर पाठवून दिली. मास्तर हयात नव्हते. त्यांच्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "सर, काठ आता बरोबर आहे. पण वेशीबाहेरची थोरली विहीर तुम्ही घातली नाहीत, आणि आमच्या गावाला 'विहिरीचं' म्हणूनच ओळखतात." हे उपनाव माझ्या प्रबंधात नाही. विहिरीपाशी उभे राहून मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश कळवण्यास मी त्याला सांगितले आहे.