एका आण्याचा हिशेब

चाकणच्या रस्त्यावरून आज मोटारींचे सुटे भाग वाहणाऱ्या मालगाड्या रात्रंदिवस धांवतात. त्याच प्रांतांतील खेड्यांचा कारभार एके काळीं एका आण्यावर चालत असे.

१८६३ पासून मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा स्थानिक पट्टी घेण्यांत येऊं लागली. तिचे दोन तृतीयांश रस्ते, पाणी, धर्मशाळा, दवाखाने यांकडे व एक तृतीयांश शाळांकडे जाई. हवेली तालुक्यांतील चिंचवडचा शेतकरी आणि खेड तालुक्यांतील चाकणचा शेतकरी, दोघेही ती भरीत. खर्चाचा अधिकार मात्र सरकारी अधिकाऱ्यांचा. १८८४ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका लोकल बोर्डें आलीं आणि कांहीं सभासद निवडून येऊं लागले. तरी मताचा हक्क थोड्यांसच होता.

१९५४ मध्यें पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना निघाला व वस्ती वाढत गेली. १९६२ मध्यें लोकल बोर्डाच्या जागीं जिल्हा परिषद आली. १९७० मध्यें पिंपरी-चिंचवडला नगरपालिका, १९८२ मध्यें महानगरपालिका, तर चाकणला २०१५ मध्यें नगरपरिषद झाली.

संस्था बदलल्या, पाणी, रस्ता व शाळा हीं कामें तींच राहिलीं. आणा देणाऱ्यास त्याचा हिशेब विचारण्याची पहिली संधि मिळण्यास एकवीस वर्षें लागलीं. ती संधि न वापरणें म्हणजे ती गमावणेंच होय.