मॅक्सी स्कूटर : मुंबई उपनगरांतील वापर

मॅक्सी स्कूटर म्हणजे लांब पल्ल्याच्या, वेगवान रस्त्यासाठी घडवलेली मोठी गिअरलेस स्कूटर. रुंद पुढा, वारा अडवणारी उंच काच, पाय पुढे पसरता येतील असा फूटबोर्ड, दोघांना ऐसपैस पुरणारी पायरीदार सीट, सीटखाली मोठी डिकी आणि नेहमीच्या स्कूटरपेक्षा मोठी चाके ही तिची लक्षणे. जपान आणि युरोपात या वर्गातली इंजिने साधारण 250 ते 650 सीसीची असतात. भारतात 125 ते 160 सीसीच्या गाड्याही याच नावाने विकल्या जातात, आणि रोज महामार्ग धरून कामावर जाणाऱ्या मुंबईकराला परवडते ती बहुधा हीच. या नोंदीत दोन्ही प्रकार घेतले आहेत. उदाहरणासाठी साकीनाका निवडला आहे, कारण पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि पूर्व द्रुतगती महामार्ग यांच्या साधारण मधोमध तो येतो, आणि दोन्हींपैकी एकही त्याच्या दारात नाही.

हा वर्ग जन्माला आला तो रस्त्याच्या नियमांच्या आधाराने. जपानमध्ये द्रुतगती मार्गावर जायला दुचाकीचे इंजिन 125 सीसीपेक्षा मोठे लागते. इटलीत अनेक दशके ही मर्यादा 150 सीसी होती. शहरात स्कूटरचा सुटसुटीतपणा हवा आणि महामार्गावर चढण्याची मुभाही हवी, अशा गिऱ्हाइकासाठी होंडाने 1986 मध्ये सीएन 250 आणली. लांबलचक, बसकी, आरामखुर्चीत बसल्यासारखी चालवायची ही गाडी हेलिक्स, फ्यूजन, स्पॅझिओ अशा नावांनी देशोदेशी गेली. तिच्यामागून यामाहाची मॅजेस्टी आणि 1998 मध्ये सुझुकीची बर्गमन आली. 2001 च्या टीमॅक्सने 499 सीसीचे जोडसिलिंडर इंजिन आणून स्कूटर आणि मोटरसायकल यांच्यातली सीमा पुसट केली, आणि पुढच्याच वर्षी बर्गमन 650 सीसीच्या घरात पोचली. इंजिन अमुक क्षमतेचे असेल तर रस्ता खुला, असा तिथला हिशेब असल्याने जास्तीच्या सीसीला पैसे मोजण्यात अर्थ होता.

महाराष्ट्रात हा हिशेब लागू पडत नाही. यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू (2009), मुंबई किनारी रस्ता (2024), अटल सेतू (2024) आणि समृद्धी महामार्ग यांवरही तीच बंदी. दक्षिण मुंबईतल्या जे. जे. उड्डाणपुलावर ती 2010 पासून आहे. यांतली कोणतीही बंदी इंजिनाची क्षमता विचारत नाही. शंभर सीसीची मोपेडवजा गाडी आणि साडेसातशे सीसीची होंडा एक्स-एडीव्ही फलकापुढे सारख्याच. गेल्या पंचवीस वर्षांत राज्यात वेगासाठी जे रस्ते बांधले गेले त्यांतले बहुतेक नामवंत रस्ते दुचाकीला बंद आहेत, आणि वेगासाठी घडवलेली स्कूटर इथे येते ती जुन्या रस्त्यांवर चालण्यासाठी. सुरक्षिततेचे कारण खोटे नाही. खाडीवरच्या उंच पुलावर आडवा वारा हलक्या दुचाकीला सहज ढकलतो. पण पुढे-मागे एबीएस असलेली दोनशे किलोची गाडी आणि शंभर किलोची गाडी यांना एकाच मापाने मोजण्यात आळसही आहे.

जुन्या रस्त्यांना मोठी स्कूटर नवी नव्हती. साकीनाक्याहून पवईमार्गे गेले की लागणाऱ्या भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात इटलीच्या इनोचेंतीच्या परवान्यावर लॅम्ब्रेटा तयार होत असे. पुढे तीच लॅम्बी झाली. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने आधी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा आणि 1972 पासून स्वतःच्या नावाने चेतक काढली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया ही तिची धाकटी बहीण. दीडशे सीसीच्या आसपासच्या, डाव्या मुठीने गिअर बदलायच्या या गाड्या त्या काळात मोठ्याच समजल्या जात. नवरा, बायको, पुढे उभे पोर आणि पाठीमागे स्टेपनी अशा थाटात त्यांनी बोरघाट कितीदा चढला असेल याची मोजदाद नाही. चाके मात्र दहा इंची, आणि पेट्रोल नीट पोचावे म्हणून किक मारण्याआधी गाडी कलंडवण्याचा विधी वेगळा.

गिअर गेले ते 1984 मध्ये. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर काढलेली 98 सीसीची कायनेटिक होंडा ही बटणस्टार्ट आणि आपोआप बदलणाऱ्या गुणोत्तराची भारतातली पहिली यशस्वी स्कूटर. खऱ्या अर्थाने मॅक्सी घाटाची देशी गाडीही याच घराण्यातून आली. इटालजेट या इटालियन कंपनीचे आराखडे विकत घेऊन कायनेटिकने 2006 मध्ये 165 सीसीची ब्लेझ बाजारात आणली. आकाराने भारदस्त, रस्त्यावर लोक वळून पाहत अशी ही गाडी. पण ॲव्हरेज विचारणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ती दहाएक वर्षे लवकर आली. 2008 मध्ये कायनेटिकचा दुचाकी धंदा महिंद्राकडे गेला आणि ब्लेझ बंद पडली. आज ती जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांकडेच दिसते.

दुसरी लाट 2018 मध्ये आली. सुझुकीने बर्गमन स्ट्रीट 125 आणली, 2020 च्या अखेरीस पियाजिओने बारामतीच्या कारखान्यातून ॲप्रिलिया एसएक्सआर 160 काढली, 2021 मध्ये यामाहाची एरॉक्स 155 आणि 2025 मध्ये हीरोची झूम 160 आली. यांतली बर्गमन दिसायला मॅक्सी, पण इंजिन सुमारे 8.7 अश्वशक्तीचे, एसएक्सआरचे अकराच्या आसपास, एरॉक्स आणि झूमचे पंधराच्या जवळ. वरच्या टोकाला बीएमडब्ल्यूची सी 400 जीटी ऑक्टोबर 2021 मध्ये 9 लाख 95 हजार रुपये एक्स-शोरूम किमतीला आली : 350 सीसी, 34 अश्वशक्ती, वजन 214 किलो. त्या पैशात तेव्हा बरी चारचाकी येत होती, हे विकत घेणाऱ्यालाही माहीत असते.

आकड्यांमधला हा फरक उड्डाणपुलाच्या चढावर कळतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती घनाने. म्हणजे ताशी 60 वरून 80 वर जाताना वाऱ्यासाठीच जवळपास 2.4 पट शक्ती लागते. भारतात चौपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्यावर दुचाकीची वेगमर्यादा 80 आहे. एवढ्या वेगाला 125 सीसीची गाडी दमछाक करत पोचते आणि पुढच्या ट्रकला मागे टाकण्यासाठी मुठीत काही शिल्लक उरत नाही. 155-160 सीसीची गाडी तिथे बऱ्यापैकी निवांत असते, आणि 350 सीसीचे तर निम्मे बळही खर्ची पडत नाही. महामार्गावर मोठ्या स्कूटरची किंमत ही अशी, वेगमर्यादा ओलांडण्यात नसून मर्यादेच्या आत राहूनही पिकअप शिल्लक असण्यात आहे.

या गाड्यांचे गिअर म्हणजे दोन कप्प्या आणि एक पट्टा. पुढच्या कप्पीत रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ते बाहेर सरकून कप्पीच्या दोन तबकड्या जवळ आणतात, पट्टा वर चढतो आणि मागची कप्पी स्प्रिंगविरुद्ध उघडते. चालकाला फक्त मूठ पिळायची. मागच्या बाजूला केंद्रोत्सारी क्लच असतो. फेरे एका मर्यादेखाली आले की तो सुटतो. सिग्नलला हे वरदान, घाट उतरताना दोष. हळू वेगात क्लच सुटला की इंजिनाचा आवर उरत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. कसारा किंवा बोरघाट उतरताना गिअरवाला मोटरसायकलस्वार दुसऱ्या गिअरमध्ये निर्धास्त असतो, स्कूटरवाल्याने मात्र मूठ किंचित पिळलेली ठेवून पट्टा गुंतलेला ठेवावा आणि ब्रेक सलग न दाबता सोडून सोडून दाबावा. पट्टा आणि रोलर झिजणारे भाग आहेत. पिकअप मंदावला, निघताना थरथर जाणवू लागली, की मेस्त्री पहिल्यांदा तेच उघडतो. रोज बंपर-टू-बंपर गर्दीत क्लच सतत घसटत असल्याने शहरी गाडीत हे भाग महामार्गाच्या गाडीपेक्षा आधी जातात.

साकीनाक्याच्या प्रवाशाला गर्दी आणि महामार्ग या दोन्हींचा सामना करावा लागतो. नाक्यावर अंधेरी-कुर्ला रस्ता, असल्फामार्गे घाटकोपरला जाणारा जोडरस्ता आणि पवईकडचा साकीविहार रोड एकत्र येतात. खैरानी रोडवरच्या गाळ्यांत माल आणणारे टेंपो, मरोळ एमआयडीसी आणि सीप्झचे नोकरदार, जरीमरीकडून येणाऱ्या रिक्षा, बेस्टच्या बस हे सारे त्यात. वर 2014 पासून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावते, तिचे खांब रस्त्याच्या मधोमध. इथून कोणताही महामार्ग चार-पाच किलोमीटरवर आहे आणि सकाळच्या वेळी हेच अंतर प्रवासाचा सर्वांत कंटाळवाणा भाग ठरते. दोन रिक्षांमधून ॲक्टिव्हा निघते तिथे सी 400 जीटीचे रुंद हँडल अडकते. सव्वाशे-एकशेतीस किलोच्या एरॉक्स किंवा एसएक्सआरला ही अडचण कमी, म्हणूनच या भागात मोठी स्कूटर म्हणून त्या अधिक शहाण्या निवडी आहेत. प्रवास रोज नाक्यापासून ठाण्यापर्यंतचाच असेल तर महागडी गाडी घेण्याचे एकमेव प्रामाणिक कारण हौस हेच म्हणावे लागेल.

दिशेनुसार वाटा बदलतात. ठाणे-नाशिककडे जाणारे साकीविहार रोडने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता गाठतात आणि पूर्व द्रुतगती महामार्ग धरतात. या जोडरस्त्यावर मेट्रो 6 चे काम सुरू झाल्यापासून पत्र्यांच्या कुंपणाने मार्गिका आकसल्या आहेत. वसई-विरारकडे जाणारे पश्चिम महामार्गाने दहिसर ओलांडून वर्सोव्याच्या खाडीपुलाकडे जातात. पुण्याला जाणाऱ्याने शीव-पनवेल मार्ग, वाशीचा खाडीपूल, पनवेल, चौक, खोपोली आणि शिंग्रोबाच्या देवळावरून चढणारा जुना घाट अशी वाट धरायची. कोकणात गणपतीला जाणाऱ्याने पनवेलनंतर गोव्याचा रस्ता. दुचाकीला टोल नसल्याने मुंबईच्या वेशीवरचे नाके कधीच आडवे आले नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये पाचही नाक्यांवर हलक्या चारचाकींना टोलमाफी मिळाली तेव्हा दुचाकीच्या बाजूचा एक जुना युक्तिवाद तेवढा कमी झाला.

चाकांचा व्यास हा मुंबईत इंजिनाइतकाच महत्त्वाचा मुद्दा. खड्ड्याच्या कडेवर दहा इंची चाक आत जाऊन आदळते, चौदा इंची बरेचसे वरून निघून जाते. बर्गमन स्ट्रीटच्या पहिल्या आवृत्तीत पुढचे चाक बारा आणि मागचे दहा इंची होते. एरॉक्स आणि झूमला दोन्ही चौदा इंची. जूनपासून पुढे चार महिने आणखी तीन शत्रू असतात : उड्डाणपुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या, रस्त्यावरचे पांढरे रंगपट्टे आणि खोदकामावर टाकलेले पत्रे. ओल्या पत्र्यावर ब्रेक दाबला की चाक घसरते, म्हणून ब्रेक पत्र्याच्या आधीच दाबून संपवायचा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, तरी 155-160 सीसीच्या स्कूटरींत ते बहुधा पुढच्याच चाकाला असते. मागचे चाक लॉक होऊ शकते हे चालकाने गृहीत धरावे. उंच काच पावसात छातीवरचे पाणी अडवते, मात्र ती डोळ्यांच्या रेषेत येत असेल तर रात्री समोरच्या हेडलाइटने काचेवरचे थेंबच दिसतात, रस्ता नाही. काच डोळ्यांखाली राहील एवढीच उंच असावी. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे. मुंबई वाहतूक पोलिसांनी 2022 मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू केली, आणि डिकीत दोन हेल्मेट मावतात की एक, या प्रश्नाला तेव्हापासून शोरूममध्ये महत्त्व आले.

विजेवरच्या मॅक्सी स्कूटरींत बीएमडब्ल्यूची सीई 04 जुलै 2024 मध्ये 14 लाख 90 हजारांना आली. कंपनीच्या म्हणण्यानुसार एका चार्जिंगवर तिचा पल्ला सुमारे 130 किलोमीटर. महामार्गाच्या वेगाला घनाचा तोच नियम बॅटरीलाही लागू असल्याने प्रत्यक्षात तो घटतो, आणि साकीनाका-पुणे एका दमात जायचे तर वाटेत चार्जिंगची सोय आधी हेरून ठेवावी लागते. रोजच्या ठाणे-अंधेरी खेपेला ती पुरून उरते. त्याहून मोठा प्रश्न ती रात्री उभी कुठे करायची हा आहे. चांदिवलीच्या संकुलांत तळघरात जागा आणि प्लग मिळू शकतो, पण काजूपाडा-असल्फ्याच्या टेकडीवरच्या गल्ल्यांत सव्वादोनशे किलोची गाडी चढावर डबल स्टँडला लावणे हेच एका माणसाचे काम नव्हे.