सुरतेची शाळा आणि इंग्रजी वाक्संप्रदाय

'इंग्रजांनी १६१३ साली सुरतेस आपली फॅक्टरी स्थापन केली', हे वाक्य इंग्रजीतून मराठीत उतरविण्यास एखाद्या चांगल्या विद्यार्थ्यास सांगावे. बहुधा तो 'कारखाना' हा शब्द घालील, आणि चुकेल. त्या फॅक्टरीत काहीच तयार होत नव्हते. 'फॅक्टर' म्हणजे कंपनीचा व्यापारी गुमास्ता, आणि असे गुमास्ते जेथे राहत, माल खरेदी करून साठवीत आणि जहाजे येण्याची वाट पाहत, ती फॅक्टरी. आपल्याकडे त्या जागेस 'वखार' म्हणत, गुजराथीत 'कोठी' म्हणतात. हे दोन्ही शब्द कोणी कोशात शोधून काढलेले नाहीत. तापीच्या काठी परके लोक काय करतात हे ज्यांनी पाहिले, त्यांनी त्यास आपल्या घरातले नाव देऊन टाकले. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यांचे भाषांतर बिनचूक होते. आमच्या विद्यार्थ्यास इंग्रजी येते आणि तो चुकतो. हा उलटा प्रकार कसा घडतो, याचा थोडा विचार सुरतेच्याच उदाहरणांनी करावा, असे मनात आले आहे.

मराठी वाचकास सुरत म्हटली की १६६४ आणि १६७० ह्या दोन सालांची आठवण होते. आमच्या मनात येते ते तेथील सरकारी इंग्रजी शाळेचे नाव. १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग १८४० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ह्या शाळेत शिक्षक होते. १८४६ साली ते मुंबईस परतले. मधल्या काळात दुर्गाराम मेहताजींसारख्या सुधारकांच्या सहवासात त्यांनी १८४४ साली मानवधर्मसभेच्या स्थापनेत भाग घेतला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे, आणि सुरतेतील दादोबांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा ह्या सभेपुरतेच असते. परंतु सभा ही सवडीची गोष्ट; दिवसभराचे काम वर्गातले. मराठीचा वैयाकरण गुजराथी मुलांस इंग्रजी शिकवीत होता! जो शिक्षक आपल्याच भाषेच्या मुलांस शिकवितो, त्यास अर्धे भाषांतर मुलेच करून देतात. दादोबांस ती सवलत नव्हती. एखादा इंग्रजी वाक्प्रयोग आला की प्रथम तो मराठीत मनाशी उलगडावयाचा आणि मग गुजराथी मुले तीच गोष्ट कशी बोलतात ते विचारावयाचे, ह्यावाचून त्यांस गत्यंतर नसावे, असे आम्हांस वाटते.

ह्याच शाळेशी संबंध असलेले आणि पुढे गुजराथेतील सरकारी शाळांवरचे अधिकारी झालेले हेन्री ग्रीन ह्यांनी एक पुस्तक रचले. इंग्रजी वाक्प्रयोग आणि त्यांचे गुजराथीतील रूढ पर्याय, असा तो संग्रह आहे. आज त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. तथापि त्याच्या नावातच एक विचार सामावलेला आहे. तो शब्दांचा कोश नाही, प्रयोगांचा संग्रह आहे. आणि पर्याय नुसता 'अर्थ' नाही, तर त्या भाषेत रुळलेला प्रयोग आहे. आपल्याकडे त्याच सुमारास, १८४७ साली, मोल्सवर्थांनी आरंभिलेला आणि कँडींनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश निघाला. त्या कोशाचे उपकार आपण कधीही विसरू नयेत. पण कोश शब्दाच्या कडेने उघडतो, आणि शब्दाच्या कडेने उघडलेल्या ग्रंथातून वाक्संप्रदाय सापडला तर दैवाने सापडतो. तीन-चार पिढ्यांच्या मराठी शाळांनी भाषांतराचा तास शब्दकोशावर चालविला, आणि तासाची ही सवय पुढे वर्तमानपत्रात व ग्रंथांत उतरली.

इंग्रजीत 'अप', 'आउट', 'ऑफ' अशी इवलीशी अव्यये क्रियापदास चिकटून त्याचा अर्थ पालटून टाकतात. कोशात 'अप' म्हणजे 'वर'. परंतु 'ईट अप' ह्यात वर काहीच नाही; मराठी मनुष्य 'खाऊन टाकले' म्हणतो आणि गुजराथी 'खाई गयो' म्हणतो. इंग्रजाने जेथे अव्यय लावले, तेथे आम्ही टाकण्याचे क्रियापद लावले आणि सुरतकराने जाण्याचे लावले. न बोलावयाची गोष्ट तोंडातून निसटली, तर इंग्रजीत 'आउट' येते आणि मराठीत 'बोलून बसला' असे येते; ह्यात बसण्याचा संबंध काय, हे कोणत्याही कोशकारास सांगता येणार नाही, आणि चार वर्षांच्या मुलास त्यात काही अडत नाही. 'सांगून ठेवणे', 'देऊन चुकणे', 'करून पाहणे', 'खपवून घेणे' ही आमची खरी श्रीमंती. इंग्रजी वाक्प्रयोगांचे अर्धेअधिक कोडे ह्या संयुक्त क्रियापदांनी सुटते. दुर्दैवाने भाषांतर करताना ती आम्हांस घरगुती वाटतात, म्हणून आम्ही ती बाजूस सारतो आणि संस्कृत नामास 'करणे' जोडून मोकळे होतो. 'खपवून घेतले नाही' ह्याच्या जागी 'सहन करण्यात आले नाही' येते. अर्थ पोचतो, पण त्या वाक्यात माणूस उरत नाही.

नव्या वस्तूंची गोष्ट निराळी. तेथे नाव घडविणे भागच होते, आणि एकाच मुंबई इलाख्यात राहणाऱ्या दोन भाषांनी ते कधी एकत्र घडविले, कधी वेगवेगळे. आगबोट व आगगाडी हे दोन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत. १८६४ साली सुरत मुंबईशी लोहमार्गाने जोडली गेली तेव्हा दोन्ही टोकांची माणसे तीच आगगाडी बोलत होती. पण समुद्रकाठच्या दिव्यास गुजराथीत 'दीवादांडी' म्हणतात आणि आम्ही 'दीपस्तंभ' म्हणतो. वर्तमानपत्राच्या संपादकास गुजराथीत 'तंत्री' म्हणतात. मराठी कानास त्यात वीणेची तार ऐकू येते. आम्ही बाणभट्टाच्या नायिकेचे नाव घेऊन 'कादंबरी' हा वाङ्मयप्रकार केला. तिकडे सुरतेच्याच इंग्रजी शाळेचे हेडमास्तर नंदशंकर तुळजाशंकर मेहता ह्यांनी १८६६ साली 'करण घेलो' लिहून गुजराथीतील पहिली कादंबरी दिली, आणि त्या प्रकारास गुजराथीने 'नवलकथा' म्हटले. ह्या शब्दात इंग्रजी 'नॉव्हेल'चा ध्वनीही आहे आणि आपले नवलही आहे. खरे सांगावयाचे तर ह्या एका शब्दापुरता आम्हांस शेजाऱ्यांचा हेवा वाटतो.

त्याच शहरात १८३६ साली जन्मलेले नवलराम पंड्या ह्यांनी भाषांतराचा प्रश्न आणखी एका रीतीने सोडविला. मोलियेरच्या फ्रेंच प्रहसनावरून फील्डिंगने इंग्रजी नाटक केले होते. त्या इंग्रजीवरून नवलरामांनी १८६७ साली 'भटनुं भोपाळुं' रचले. मराठी वाचकास ह्या नावात प्रथम भोपळा दिसतो. गुजराथीत 'भोपाळुं' म्हणजे फजिती, उघडे पडलेले पितळ. मूळ नाटकाच्या नावातला एकही शब्द येथे नाही. मारून मुटकून वैद्य केलेला मनुष्य मात्र जसाच्या तसा आहे, कारण असला वैद्य सुरतेतही होता. आपल्याकडे आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ चे आणि देवलांचा 'झुंझारराव' १८९० चा. पहिल्यात पांडित्य अधिक. रंगभूमीवर जीव धरला तो दुसऱ्याने.

आता शब्दशः केलेली सगळीच भाषांतरे वाईट असतात काय? नाही, आणि येथे आम्हांस आपल्याच मताला मुरड घालावी लागते. 'हनीमून' ह्या शब्दाचे 'मधुचंद्र' हे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केले आहे. इंग्रजीतला तो 'मून' म्हणजे महिना, विवाहानंतरचा पहिला महिना. शिवाय पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून चंद्र झिजू लागतो तशी ही गोडी झिजणार, असा एक कुत्सित भावही जुन्या इंग्रजीत त्यास चिकटलेला होता. मराठीत हे काहीच आले नाही. आमचा चंद्र शीतल, प्रीतीचा साक्षी. त्यामुळे चुकीच्या वाटेने निघालेला शब्द इष्ट स्थळी पोचला आणि सर्वांस गोड झाला. गुजराथीने चंद्र सोडला, रात्र धरली आणि 'मधुरजनी' केले. दोहोंपैकी बरोबर कोणते, हे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही घराघरांत गेले.

'सिंहाचा वाटा' ह्याची कथा ह्याहून मौजेची आहे. इसापाच्या गोष्टीत सिंह इतर प्राण्यांबरोबर शिकार करतो आणि वाटणीच्या वेळी सगळे भाग आपल्याकडे ओढतो. म्हणून इंग्रजीत 'लायन्स शेअर' म्हणजे बळावर घेतलेला मोठा हिस्सा. मराठीत आपण म्हणतो, 'शाळेच्या उभारणीत गुरुजींचा सिंहाचा वाटा आहे.' येथे गुरुजींनी घेतले काही नाही, दिले आहे! घेण्याचा शब्द देण्याचा कसा झाला? आमच्या मते त्याचे कारण एक लहानसा प्राणी आहे. सेतुबंधाच्या वेळी अंगाला वाळू लावून ती समुद्रात झटकणारी खार मराठी मनात पूर्वीपासून होती, आणि 'खारीचा वाटा' म्हणजे दुबळ्याने निष्ठेने केलेले अल्प साहाय्य, हा अर्थ ठरून गेला होता. सिंह मागाहून आला. त्यास खारीशेजारी बसावे लागले आणि तिच्याच अर्थाने, मात्र मोठ्या मापाने, वागावे लागले. गुजराथीतही तेच घडले, पण निराळ्या कारणाने: त्यांनी 'सिंहफाळो' असा समास केला, आणि 'फाळो' म्हणजे मुळातच वर्गणी. वर्गणी ही द्यावयाची वस्तू. तेव्हा सिंहास तेथेही हात आखडता येईना. ही 'चूक' सुधारावयास सांगणारे काही पंडित आम्हांस भेटले आहेत. त्यांचे इंग्रजी चांगले होते.

सुरतेविषयी बोलताना १९०७ वगळता येत नाही. त्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन नागपूरऐवजी सुरतेस भरले आणि उधळले गेले. व्यासपीठावर येऊन पडलेल्या जोड्याची हकीकत येथे नको; आमचा विषय दोन पक्षांच्या नावांचा आहे. इंग्रजी पत्रे एकास 'मॉडरेट' म्हणत, दुसऱ्यास 'एक्स्ट्रीमिस्ट'. शब्दास शब्द ठेवावयाचा तर 'मध्यममार्गी' आणि 'आत्यंतिक' झाले असते. मराठीने 'मवाळ' आणि 'जहाल' म्हटले. एक शब्द स्वभावाचा, दुसरा विषाचा आणि औषधाचा. मर्यादा आणि टोक ही इंग्रजीतली कल्पना भूमितीची आहे. मराठीने ती जिभेवर आणली. ज्यास मवाळ म्हटले त्यास ते थोडे लागले असेल आणि ज्यास जहाल म्हटले त्यास थोडा अभिमान वाटला असेल, म्हणजे भाषांतरात पक्षपातही उतरला. हे शब्द इतके नेमके बसले की गुजराथीतील इतिहासाच्या पुस्तकांतही 'मवाळवादी' आणि 'जहालवादी' असेच लिहितात. संपादक आणि कादंबरी ज्यांनी आमच्याकडून घेतली नाही, त्यांनी हे दोन शब्द मात्र घेतले.

सुरतेत आज मराठी आहे, ती बहुतांशी खानदेशातून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांची. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. तेथील मुलांच्या घरी अहिराणी, पुस्तकात मराठी, बाजारात गुजराथी आणि चौथी इंग्रजी. म्हणजे दादोबांच्या वर्गात शिक्षकावर जो भार होता तो आता विद्यार्थ्यावर आला आहे. काही वर्षांपूर्वी अशाच मुलांच्या एका वर्गात बसण्याचा योग आम्हांस आला. 'टु मेक बोथ एंड्स मीट' ह्याचे मराठी करावयाचे होते. पुस्तकातले उत्तर होते, 'जमाखर्चाची तोंडमिळवणी करणे'. उत्तर उत्तम, जुन्या हिशेबनिसांच्या तोंडचे. एका मुलाने लिहिले होते, 'दोन्ही टोके जोडणे'. गुरुजींनी त्यावर लाल रेघ ओढली आणि मग काही सुचून त्यास विचारले की हे तुला कोठून सुचले. तो म्हणाला, वडील मागावर आहेत; तुटलेल्या धाग्याची टोके जोडावी लागतात, नाहीतर माग थांबतो आणि पैसे कापतात.

गुरुजी क्षणभर थांबले. मग त्यांनी विचारले, "आणि पगार पुरत नाही तेव्हा घरी काय म्हणता?"

"आई म्हणते, कसंतरी भागवायचं."

गुरुजींनी लाल रेघेखाली 'कसेबसे भागविणे' असे लिहिले आणि पूर्ण गुण दिले. पुस्तकातली तोंडमिळवणी त्यांनी त्यानंतर फळ्यावर लिहून सर्वांस समजावून सांगितली.