सगळे एकदम हसले तो क्षण

ग्रुप फोटोचं एक साधं गणित आहे. समजा, क्लिक होताना एका माणसाचा चेहरा 'बरा' येण्याची शक्यता ९० टक्के धरली. मग दहा जणांचे चेहरे एकाच वेळी बरे येण्याची शक्यता उरते सुमारे ३५ टक्के. वीस जण झाले की १२ टक्के, आणि लग्नातल्या पन्नास जणांच्या फोटोत जेमतेम अर्धा टक्का! तेव्हा मंडळी, 'अजून एक, अजून एक' म्हणणाऱ्या फोटोग्राफरवर चिडू नका. बिचारा प्रॉबेबिलिटीशी भांडत असतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ बरोबर यावर 'बेस्ट टेक' नावाचा उतारा आणला. लागोपाठ काढलेल्या फोटोंतून प्रत्येकाचा चांगला चेहरा निवडायचा आणि सगळे एकाच फोटोत बसवायचे. लगेच 'आता फोटोवर विश्वास तरी कसा ठेवायचा' अशी चर्चा सुरू झाली. पण ही आयडिया एडिसनच्या दिव्यापेक्षाही जुनी आहे, बरं का.

मे १८४३. एडिंबरामध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमधून शेकडो पाद्री बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. राजीनाम्यावर सह्या करण्याचा तो प्रसंग रंगवायचं डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने मनावर घेतलं. पण शेकडो चेहरे लक्षात ठेवणार कसे? शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी सुचवलं, नव्याने आलेली फोटोग्राफी वापरून बघा. मग हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन या जोडीने माणसांचे एकेकटे आणि छोट्या गटांतले फोटो काढले, आणि त्यांवरून हिलने चित्र रंगवलं. ते पुरं व्हायला १८६६ साल उजाडलं! त्यात साडेचारशेच्या वर चेहरे आहेत, आणि त्यातले काही जण त्या दिवशी तिथे नव्हतेच.

हे झालं चित्र. फोटोत हाच उद्योग थाटात केला तो कॅनडातल्या विल्यम नॉटमनने. मार्च १८७० मध्ये माँट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकवर प्रिन्स आर्थरच्या सन्मानार्थ स्केटिंगचा मोठा जलसा झाला. आत उजेड कमी, माणसं बर्फावर घसरतायत, आणि त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटला काही सेकंद एक्स्पोजर हवं. म्हणजे फोटोत नुसता धूर आला असता. नॉटमनने लोकांना त्याच वेशभूषेत स्टुडिओत बोलावलं, एकेकाला पोज देऊन टिपलं, कापलं आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवलं. साधारण तीनशे माणसं! मग त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढून प्रती विकल्या. त्यात एकाचाही चेहरा हललेला नाही, कारण तसा क्षण कधी आलाच नव्हता.

कात्री-डिंकाचं हे काम आपल्या धंद्यात आलं २००४ मध्ये. असीम अगरवाला आणि सहकाऱ्यांनी सिग्राफ परिषदेत 'इंटरॅक्टिव्ह डिजिटल फोटोमोंटाज' हा पेपर मांडला. हवा तो चेहरा माउसने रंगवायचा. दोन फोटोंचा सांधा कुठून नेला तर कमीत कमी दिसेल हे ग्राफ-कट अल्गोरिदम शोधतो, आणि उरलेला रंगफरक दुसरी पद्धत मिटवते. २०१८ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी पुढची पायरी गाठली : त्याच माणसाचा दुसरा फोटो नमुना म्हणून घ्यायचा आणि मिटलेल्या डोळ्यांच्या जागी उघडे डोळे थेट तयार करायचे.

माझ्या मते खरा सांधा इथे आहे. नॉटमनच्या गिऱ्हाइकाला माहीत होतं की आपण बर्फावर नाही, स्टुडिओत उभे होतो. चेहरा त्याचा, पोजही त्याने स्वतः दिलेली. बेस्ट टेकमध्येही हसू निदान खरं असतं, फक्त काही सेकंद इकडचं-तिकडचं. तयार केलेला चेहरा मात्र त्या माणसाने कधी केलेलाच नसतो. आणि फोटो बघणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही.

'मग बिघडलं कुठे?' असं कोणीही विचारेल. आमच्या घरी एका लग्नाचा जुना कृष्णधवल फोटो आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, एक काका सोडून. ते मान वळवून दुसरीकडे बघतायत. 'हे असे का?' या एका प्रश्नावर आजीने मला मानपानाचं अख्खं रामायण सांगितलं होतं. कोणी रुसलं होतं, कोणी समजूत काढली, जेवणाची पंगत कशी खोळंबली... काकांचा चेहरा 'फिक्स' केला असता तर मी प्रश्नच विचारला नसता, आणि आजीनेही आपणहून सांगितलं नसतं. मराठी घरांतला बराचसा इतिहास असाच वाकड्या तोंडांना चिकटून राहिलेला असतो.

म्हणून फीचर वापरू नका, असं काही मी म्हणणार नाही. मी स्वतः वापरतो. ऑफिसच्या आउटिंगच्या फोटोतले मिटलेले डोळे पुढच्या पिढीला काय कामाचे? :-) मात्र घरच्या फोटोंसाठी दोन नियम ठरवलेत. ओरिजिनल डिलीट करायचा नाही. आपण सोर्स कोडची जुनी व्हर्शन्स जपतो, मग हे का नाही? आणि दुसऱ्याचा चेहरा बदलायचा असेल तर आधी त्याला विचारायचं. मागच्या विकांताला एका मावशीला विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे रे. मला त्या दिवशी खरंच वैताग आला होता."

फोटो तसाच फॅमिली ग्रुपवर टाकला. वैताग कशाचा होता, ते आता विचारायचंय.